हुकूम आणि अंमलबजावणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला इतकी वर्षे अव्याहत चालली आहे, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून त्यांच्या विद्यार्थ्यांना अधिक आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ जण आज समोर बसलेले असल्यामुळे त्या बाबतीत मौन पाळणे मला श्रेयस्कर वाटते. मी माझ्या एका अपराधाच्या कबुलीने प्रारंभ करतो. चौतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत शिकवले, त्यांतली शेवटची अकरा वर्षे मुख्याध्यापक म्हणून काढली, आणि या सबंध काळात प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या रकान्यात जो शेरा माझ्या लेखणीतून सर्वांत अधिक वेळा उतरला असेल तो असा : ‘हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही.’ यातला पहिला भाग मुलाच्या जमेस धरला आणि दुसरा त्याच्या नावे टाकला, की आमचा हिशेब चुकता होत असे. व्याकरणात ‘परंतु’ हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय आहे, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवीत होतो. पण माझ्याच शेऱ्यातील त्या अव्ययाने कोणते न्यूनत्व दाखवले आहे, ते मुलाचे आहे की माझ्या चौकशीचे, हे तपासून पाहण्याची बुद्धी मला कधी झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी हाच शेरा, शब्दही जवळजवळ तेच, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात माझ्या घरी आला. माझा नातू तेव्हा सातवीत होता. आज तो दहावीत आहे. त्याची परवानगी घेऊनच मी त्याच्याविषयी बोलतो आहे, आणि त्याचे नाव सांगायचे नाही ही त्याची अट मी पाळणार आहे.

त्या शेऱ्यामागे दडलेल्या त्याच्या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञांनी जे इंग्रजी नाव दिले आहे त्याची चार आद्याक्षरे, एडीएचडी, आता आपल्याकडे शाळेच्या फाटकापर्यंत पोचली आहेत; मराठीत तिला कोणी ‘अतिचंचलता’ म्हणतात, कोणी ‘अवधान-न्यूनता’ म्हणतात, आणि नातेवाईकमंडळी ‘आईच्या लाडाने बिघडला’ असे म्हणतात. पहिली दोन नावे अपुरी आहेत आणि तिसरे अन्यायाचे आहे. अपुरी अशासाठी, की ज्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकापुढे बारा मिनिटे स्थिर बसवत नाही, तोच मुलगा आमच्या सोसायटीच्या गणपतीत दिव्यांच्या माळा जोडण्याच्या कामात दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत जेवणाचीही शुद्ध न ठेवता बुडून गेलेला मी प्रत्यक्ष पाहिला आहे. तेव्हा त्याच्यापाशी अवधान नाही असे कसे म्हणावे? अवधान आहे, किंबहुना कधीकधी ते गरजेपेक्षा अधिक आहे. परंतु ते त्याच्या हुकमतीत नाही. जेथे गोडी आहे, नावीन्य आहे, किंवा मुदत अगदी मानगुटीवर येऊन बसली आहे, तेथे ते आपण होऊन धावते, आणि केवळ कर्तव्य म्हणून बोलावले तर येत नाही. पाहणाऱ्याला मात्र यात हट्ट दिसतो, कारण ‘मनात आणले तर करतो’ हा निष्कर्ष काढण्यास लागणारा पुरावा त्या मुलानेच आपल्या हाताने गणपतीत सादर केलेला असतो.

चंचलतेचीही तीच कथा. लहानपणी जो मुलगा बाकावरून उडी मारतो, तो पौगंडावस्थेत बाहेरून पुष्कळसा निवतो; पाय हलत राहतो, पेनाचे टोपण चावून चपटे होते, एवढेच; आणि आईबापांना वाटते की सुटले. वास्तविक ती चुळबूळ आत शिरलेली असते. मुलींच्या बाबतीत तर ती बहुधा प्रथमपासूनच आत असते. खिडकीबाहेर पाहत बसलेली, कोणालाही उपद्रव न देणारी मुलगी ‘स्वप्नाळू’ या गोड शब्दाखाली दहावीपर्यंत सरकत जाते आणि तेथे अकस्मात कोलमडते. माझ्या हातून अशा किती मुली निसटल्या असतील त्याची गणती मला करवत नाही.

हे अमेरिकेने अलीकडे काढलेले खूळ आहे, आमच्या वेळी असले काही नव्हते, असा एक आक्षेप माझ्या पिढीकडून हटकून येतो, म्हणून थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. सर अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली, म्हणजे पुण्यास पेशवाई अद्याप नांदत असताना, अवधानाच्या विकारांवर आपल्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले. फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान नावाच्या डॉक्टराने आपल्या लहान मुलासाठी रचलेले चित्रमय पद्यांचे पुस्तक १८४५ साली छापले गेले. त्याच्या पुढील आवृत्त्यांत जेवणाच्या टेबलावर चुळबूळ करता करता टेबलावरचे कापड ताटांसकट अंगावर ओढून घेणारा एक फिलिप आहे, आणि आकाशाकडे पाहत चालताना पाण्यात पडणारा एक हान्सही आहे. पुढे १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धीने चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन आले. ‘आमच्या वेळी’ ही मुले होतीच. फक्त ती शाळेत टिकत नसत, आणि पटावरून नाव कमी झाले की ती आमच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नसत. तसे एक नाव मी स्वतः कमी केले आहे. तो मुलगा पुढे चांगला मेकॅनिक झाला असे ऐकतो, पण त्याचे श्रेय माझ्याकडे येत नाही.

आता या दुखण्याचे स्वरूप. ते समजण्यास मला कोणत्याही परकीय परिभाषेपेक्षा आपल्या जुन्या दफ्तरखान्यातील शब्द अधिक उपयोगी पडले. एखाद्या राज्यात राजा सुज्ञ आहे, खजिना भरलेला आहे, हुकूमही वेळच्या वेळी सुटतात. परंतु तो हुकूम घेऊन जाणारा, मुदत लक्षात ठेवणारा, एका कामातून दुसऱ्या कामाची आठवण करून देणारा, आणि दरवाजात आलेल्या प्रत्येक आगंतुकास आत न सोडणारा असा जो कारभारी, तो मात्र अल्पवयीन आहे. अशा राज्यात अज्ञान नसते, दुष्टावाही नसतो; फक्त हुकमाची अंमलबजावणी होत नाही. माझ्या नातवाला गृहपाठ कोणता आहे हे ठाऊक असते. तो बरेचदा केलेलाही असतो. आणि पूर्ण केलेली वही दफ्तरात असूनही ती शिक्षकांच्या टेबलावर जात नाही, कारण वही काढण्याच्या क्षणी शेजारच्या मुलाने काहीतरी विचारलेले असते. ‘वही दे’ म्हणून त्याला शंभर वेळा बजावण्याचा उपयोग होत नाही, याचे कारण ती गोष्ट त्याला शंभर वेळा माहीतच असते.

कारभारी अल्पवयीन आहे हे मी केवळ अलंकारासाठी म्हटले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मेंदूच्या बाह्यस्तराच्या जाडीचा जो कळस इतर मुलांत सरासरीने साडेसातव्या वर्षाच्या सुमारास येतो, तो या मुलांत साडेदहाच्या सुमारास येतो. विकासाचा क्रम तोच, पण चाल मंद, आणि हा विलंब सर्वांत ठळक कोठे, तर नियोजन आणि निग्रह ज्यांवर अवलंबून असतात त्या कपाळामागील भागात. आम्ही मात्र उंची पाहून वयाचा अंदाज बांधतो, आणि पंधरा वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या मुलाकडून पंधरा वर्षांच्या कारभाराची अपेक्षा धरतो. हे दुखणे बहुतांशी आनुवंशिक आहे, हेही आता निर्विवाद आहे. डॉक्टरांच्या खोलीत प्रश्नावली माझ्या नातवासाठी चालली होती, आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नापासून माझा मुलगा, म्हणजे त्याचा बाप, खाली मान घालून हळूच म्हणू लागला, ‘हे माझंही.’ त्याच्याही प्रगतिपुस्तकावर तो शेरा होता, आणि त्याखालची सही माझी होती.

निदान करणे हे तज्ज्ञाचे काम आहे, शेजाऱ्याचे नव्हे, आणि माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाचेही नव्हे. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, केवळ शाळेत किंवा केवळ घरी दिसून भागत नाही, आणि झोप, दृष्टी, श्रवण, चिंता, घरातील कलह ही इतर कारणे आधी वगळावी लागतात. एवढे सांगून मी पुढे जातो, कारण मला खरे बोलायचे आहे ते निदानानंतरच्या दिवसांविषयी. कागद हातात आला, घरी परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला शाळेची बस पूर्वीप्रमाणेच येणार होती, त्या दिवसांविषयी.

आरंभीचे सहा महिने आम्ही व्यर्थ घालवले. एका हितचिंतकाने बुद्धिवर्धक चूर्ण दिले, दुसऱ्याने रोज मनाचे श्लोक म्हणवून घ्या असे सुचवले. समर्थांनी मनाला समजावण्यासाठी दोनशे पाच श्लोक खर्ची घातले, यावरूनच मन एका सांगण्याने ऐकत नाही हे त्यांना पुरते ठाऊक असावे. नातवाने ते पाठ केले आणि तो त्याच तन्मयतेने डबा शाळेत विसरून आला. त्यानंतर एका समुपदेशक बाईंनी आम्हांस जी एक गोष्ट सांगितली तिच्यावर आमचे घर आज उभे आहे. त्या म्हणाल्या, ‘आजोबा, सल्ला आदल्या रात्री देऊ नका, जिथे चूक होते, तिथे वस्तू ठेवा.’ उपदेश आणि कृती यांच्यामध्ये जितके अंतर, काळाचे वा जागेचे, तितका या मुलांच्या बाबतीत उपदेशाचा नाश ठरलेला. म्हणून उपदेश लांबवण्यापेक्षा व्यवस्था जवळ आणावी.

त्याप्रमाणे आमच्या दारामागे खिळ्याला एक पुठ्ठा टांगला गेला. त्यावर डबा, बाटली, ओळखपत्र, वही, किल्ली एवढे पाच शब्द आहेत, आणि चप्पल घालताना डोळे जेथे जातात त्याच उंचीवर तो आहे. माझ्या सुनेने प्रथम तो अभ्यासाच्या टेबलावर लावला होता, तेथे तो महिनाभर शोभेला राहिला. क्रमिक पुस्तकांचा एक जुना संच आम्ही रद्दीवाल्याकडून आणला, एक संच शाळेत राहतो, एक घरी; पुस्तक विसरण्याचा गुन्हाच त्यामुळे घडेनासा झाला. दर शनिवारी दुपारी दफ्तर जमिनीवर उपडे करण्याचा विधी होतो. त्यातून काय निघते याचे वर्णन सभ्य सभेत करू नये, परंतु एकदा सहलीच्या पैशांची मुदत टळून गेल्याची नोटीस आणि तीन आठवड्यांपूर्वीची पोळी एकमेकींना चिकटून निघाली, एवढे सांगतो. या विधीत रागावायचे नाही असा ठराव आहे. मी तो दोनदा मोडला आहे.

काळाचा हिशेब हे यांचे सर्वांत अवघड खाते. तुमच्या-माझ्या मनात ‘पंधरा मिनिटे’ या शब्दाला काही लांबी असते. या मुलाच्या मनात ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ असे दोनच काळ असतात, आणि पुढच्या सोमवारची परीक्षा ही रविवारच्या रात्रीपर्यंत ‘आत्ता नाही’ या प्रदेशात मोडते. म्हणून मुदत तोडून लहान करावी लागते. संपूर्ण प्रकरण नव्हे, पहिली तीन उदाहरणे. तासभर नव्हे, वीस मिनिटे, मग अंगणात एक चक्कर, मग पुन्हा वीस मिनिटे. आणि सर्वांत कठीण असतो तो आरंभ. येथे माझ्या पत्नीने कोणत्याही पुस्तकाच्या आधाराशिवाय एक युक्ती शोधून काढली. ती संध्याकाळी तांदूळ निवडायला त्याच्या शेजारी येऊन बसते. शिकवत नाही, विचारत नाही, वहीकडे पाहतही नाही. आणि तिच्या नुसत्या बसण्याने त्याचे बसणे टिकते. पुढे कळले की इतरत्रही तज्ज्ञ हा उपाय सुचवतात. तांदूळ निवडून झाले तरी ती उठत नाही. निवडलेले पुन्हा निवडते.

शाळेच्या बाबतीत मी स्वकीयांविरुद्ध साक्ष देतो आहे, म्हणून जपून बोलतो. साठ मुलांच्या वर्गात एकाकडे किती पाहायचे, ही शिक्षकांची तक्रार मी स्वतः केलेली आहे आणि ती खोटी नाही. परंतु ज्या गोष्टी उपयोगी पडतात त्यांना वेळ फारसा लागत नाही. खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर जागा. एका वेळी एक सूचना, आणि ती फळ्यावर लिहिलेली. तासाच्या मध्यावर हजेरीपट कार्यालयात पोचवण्यासाठी याच मुलाला उठवणे, म्हणजे त्याचे हालणे शिक्षा न होता काम होते. तास संपताना वही आपण होऊन मागून घेणे. आणि चुकले तेव्हा जेवढ्या आवाजात बोललो तेवढ्याच आवाजात जमले तेव्हाही बोलणे. नातवाच्या एका शिक्षिकेने हे सारे कोणत्याही परिपत्रकाविना केले. दुसऱ्या एका वर्गात मात्र त्याला आठवडाभर दाराबाहेर उभे केले गेले. त्या गुरुजींचे नाव मी घेणार नाही, कारण वीस वर्षांपूर्वी त्या जागी मी असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, हे मात्र शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवावे.

सवलतींचा मार्ग वाकडा आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ इत्यादी सवलती दिल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. आणि अतिचंचल मुलांपैकी पुष्कळांना वाचन-लेखनाचीही स्वतंत्र अडचण असल्याने ती तपासून घेणे अगत्याचे आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार नमूद आहेत त्यांत या अवस्थेला स्वतःचे नाव नाही. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्या अर्जाचा प्रवास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे कसा होतो, हे या सभागृहात बसलेल्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनांस मी सांगायला नको.

औषधाचा प्रश्न प्रत्येक घरात भांडणाचा असतो. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टराने, एका तपासणीनंतर मुलांना होणारी डोकेदुखी कमी व्हावी म्हणून बेन्झेड्रिन दिले. डोकेदुखीचे काय झाले ते असो, काही मुलांचा अभ्यास मात्र एकाएकी सुधारला, आणि मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. आज सर्वाधिक वापरात असलेले मेथिलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील लिआंद्रो पानिझोन यांनी तयार केले, आणि त्याचे प्रसिद्ध व्यापारी नाव त्यांनी आपल्या पत्नीच्या ‘रिटा’ या नावावरून ठेवले. आपल्याकडे हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते मिळत नाही, आणि मिळूही नये. पुष्कळ मुलांना त्याचा गुण येतो. भूक मंदावते, झोप लवकर लागत नाही, डबा तसाच परत येतो, हेही खरे, म्हणून वजन आणि उंची यांवर डॉक्टरांची नजर राहावी लागते. माझे मत विचाराल तर, चष्मा लावल्याने वाचता येऊ लागत नाही, परंतु अक्षरे तरी दिसतात. वाचायला शिकवण्याचे काम त्यानंतर उरतेच. औषध घ्यायचे की नाही हे त्या मुलाला, त्याच्या आईबापांना आणि डॉक्टरांना ठरवू द्यावे, आणि लग्नसमारंभात भेटणाऱ्या आत्यामावश्यांनी या विषयावर निकाल देण्याचे टाळावे, ही माझी विनंती आहे.

मोबाइलविषयी मला फार सांगायचे नाही. ज्या चित्ताला तात्काळ फळ लागते, त्याला दर दोन सेकंदांनी फळ देणारे यंत्र आम्हीच हातात दिले आहे. रात्री दहानंतर ते स्वयंपाकघरातील डब्याजवळ राहते, माझेही राहते, आणि आम्हा दोघांना त्याचा सारखाच त्रास होतो. मात्र एका गोष्टीचा इशारा देणे जरूर आहे. दोन वर्षांत ही मुले दुचाकीसाठी हट्ट धरतील. अवधान सुटणे वर्गात महाग पडते ते गुणांत. रस्त्यावर त्याची किंमत वेगळी असते, आणि या तरुणांत अपघातांचे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. तेथे लाडाला जागा नाही.

‘अशा कुबड्या दिल्या तर तो स्वतःच्या पायावर कधी उभा राहणार?’ हा प्रश्न मला माझ्याच जुन्या सहकाऱ्यांनी विचारला. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग ठोकतात. ते किती दिवस ठेवायचे हे मालकाच्या घाईवर ठरत नाही, सिमेंटवर ठरते. कोणी सातव्या दिवशी काढले आणि स्लॅब खाली आला, तर त्या स्लॅबला आळशी म्हणत नाहीत. मात्र कोणता टेकू प्रथम काढायचा, हे ठरवताना आम्ही आता त्यालाच विचारतो. पाच शब्दांचा पुठ्ठा यंदा जूनमध्ये त्याने स्वतः उतरवून ठेवला, ऑगस्टमध्ये स्वतःच पुन्हा लावला, आणि त्यावर सहावा शब्द लिहिला. आजीचे बसणे त्याला अद्याप हवे आहे; तसे त्याने तिला तोंडाने सांगितले, आणि आपल्याला कशाची गरज आहे हे सांगता येणे या वयात पुरुषमाणसांच्या घराण्यात सोपे नसते.

या महिनाअखेरीस सहामाहीची प्रगतिपुस्तके भरली जातील. समोर बसलेल्या शिक्षकबंधुभगिनींना माझी एवढीच प्रार्थना आहे, की तो जुना शेरा लेखणीच्या टोकाशी आला तर क्षणभर थांबावे आणि ‘परंतु’नंतर आपण स्वतः काय करणार आहोत ते त्याच रकान्यात लिहावे, जागा कमी पडली तर पुरवणी जोडावी.

आज हे व्याख्यान मी ज्या कागदांवरून वाचले ती त्याची दुसरी प्रत आहे. पहिली घेऊन येण्याचे काम माझ्या नातवाकडे होते. तो वेळेवर आला आहे, शेवटच्या रांगेत बसला आहे, आणि ती प्रत घरी टेबलावर आहे.